कंपाउंडरचं काय झालं?

माझ्या कपाटात औषध मोजायचा काचेचा एक पेला आहे. तळाला निमुळता, वर पसरट. एका अंगावर औंस आणि ड्रॅमच्या रेघा, दुसऱ्या अंगावर मिलिलिटरच्या. माझ्या वडिलांनी तो वर्षानुवर्षं वापरला. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना होता, तिथे ते कंपाउंडर होते. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत डॉक्टर आणि मधल्या लाकडी पार्टिशनला हातभर रुंदीची खिडकी. त्या खिडकीमागे वडील. १९६४ साली सासवडहून मॅट्रिक होऊन ते पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. २००६ साली दवाखाना बंद झाला तेव्हा साठ.

मी फार्मसीची पदविका घेतली आणि पुढे रुग्णालयाच्या औषध विभागात नोकरी केली. नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून माझं नाव राज्याच्या नोंदवहीत आहे. ज्या माणसाने मला ड्रॅम आणि मिनिम शिकवले, त्याचं नाव मात्र कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. तेव्हा हे मला खटकलं नाही. अलीकडे आमच्या भागातल्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, ‘मॅडम, मी याच्यात पुढे काय करू?’ तेव्हा खटकलं. तिला उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं की आधी वडिलांच्या पेशाचं काय झालं ते समजून घ्यायला हवं.

खिडकीमागचं काम

आज कंपाउंडर म्हटलं की नंबर पुकारणारा आणि केसपेपर काढून देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मूळ शब्दाचा अर्थ मात्र औषधं एकत्र करून मिश्रण तयार करणारा, असा आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहायचं आणि त्याने ते बनवायचं. बाटलीत भरलेलं आयतं औषध सर्रास मिळायला लागण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक दवाखाना हा एक छोटा कारखाना होता, आणि हा कारखाना एकटा माणूस चालवत असे.

पेशंट घरून धुतलेली बाटली आणायचा. सहा औंसांच्या बाटलीत सहा डोस, म्हणजे दिवसातून तीन वेळा असं दोन दिवसांचं औषध. निरक्षर माणसाला एक डोस म्हणजे किती हे कळावं म्हणून बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीची घडी घालून कडा कातरली की उलगडल्यावर समान अंतरावर दाते पडलेले दिसत. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत एक डोस. वडील ही पट्टी न मोजता कापत आणि ती बाटलीवर नेमकी बसे. लहानपणी मला ही जादू वाटायची. पुढे कळलं की हे लेखनाशिवायचं लेबल होतं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्याही हातून औषध चुकू नये एवढा विचार त्यात होता.

पोटदुखीचं, खोकल्याचं, तापाचं अशी मिश्रणं ठरलेली असत. सोडा बायकार्ब, मॅगसल्फ, वेलदोड्याचं टिंचर, बेलाडोनाचं टिंचर, इपेकॅक, टोलूचं सिरप, कडूजहर क्विनाइन. वजनाला ग्रेन, द्रवाला मिनिम, ड्रॅम आणि औंस. साठ मिनिमांचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस. एक ग्रेन म्हणजे आजचे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम. देशात मेट्रिक पद्धत आली तरी डॉक्टरांच्या लेखणीतून जुनी मापं जायला वेळ लागला, आणि मधली सगळी वर्षं हा हिशेब कंपाउंडरच्या डोक्यात होत राहिला. कोणतं औषध आधी विरघळवायचं, कोणतं शेवटी घालायचं, कशाने गढूळपणा येतो, कोणत्या बाटलीवर ‘हलवून घ्या’ लिहायचं, हे त्याने दुसऱ्या कंपाउंडरच्या हाताकडे बघून शिकायचं.

हे ज्ञान किरकोळ नव्हतं. बेलाडोना विषारी आहे. मोठ्या माणसाला चालणारं माप लहान मुलाला घातक ठरू शकतं. वडिलांनी एक प्रसंग मला अनेकदा सांगितला. रात्री उशिरा, गर्दी संपत आलेली, दोन वर्षांच्या मुलासाठीच्या कागदावर आकडा तीस मिनिमांचा. वडिलांनी बाटली भरली नाही. पेशंटसमोर काही बोललेही नाहीत. आत जाऊन हळूच विचारलं, ‘डॉक्टर, हे तीस का तीन?’ डॉक्टरांनी कागद घेतला, शून्य खोडलं आणि परत दिला. दोघांपैकी कोणीही तो विषय पुन्हा काढला नाही. मी पदविकेला असताना आमच्या अभ्यासक्रमात यावर एक पूर्ण प्रकरण होतं. प्रिस्क्रिप्शन तपासणे ही फार्मासिस्टची जबाबदारी, असं त्यात लिहिलं होतं. वडिलांनी ती जबाबदारी पार पाडली होती. फक्त ती त्यांची आहे असं कोणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

मधल्या पायऱ्या

डॉक्टर आणि रोगी यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसांचा पुण्यातला इतिहास जुना आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झालं. त्या काळात गावोगावच्या सरकारी दवाखान्यांचा भार पदवीधर डॉक्टरांवर नव्हता, तो हॉस्पिटल असिस्टंट नावाच्या मधल्या फळीवर होता. थोड्या वर्षांचं शिक्षण घेतलेली ही माणसं जखमा बांधत, देवी टोचत, साथीत गावं पालथी घालत. पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल हे अशा मधल्या फळीच्या शिक्षणाचं ठिकाण होतं. पुढे पदवीऐवजी परवाना घेतलेले वैद्यक, म्हणजे लायसेन्शिएट, अशाच शाळांतून तयार होत. ‘एल.सी.पी.एस.’ ही अक्षरं मिरवणाऱ्या पाट्या पेठांतल्या जुन्या लोकांना आठवत असतील.

स्वातंत्र्याच्या तोंडावर ही रचना बदलली. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा अशी बहुमताची शिफारस होती. काही सदस्यांचं मत वेगळं होतं. मधली फळी काढून टाकली तर खेड्यांचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. पण बहुमताचा विचार पुढे गेला. परवान्याचे अभ्यासक्रम बंद झाले. पुण्याच्या मेडिकल स्कूलचं १९४६ सालीच महाविद्यालय झालं. एका दर्जाचा डॉक्टर, यामागचा हेतू चांगलाच होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की डॉक्टर आणि दवाखान्यातला मदतनीस यांच्या मधल्या पायऱ्या निघून गेल्या.

याच शहरात मधली एक पायरी मात्र नेटाने बांधली गेली, आणि ती बायकांनी बांधली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावणं, रात्रपाळी करणं हे घरंदाज बाईचं काम नव्हे असं मानणाऱ्या शहरात सेवासदनने स्त्रियांना परिचारिकेचं आणि सुईणीचं शिक्षण घ्यायला पाठवलं. त्यात अनेक विधवा होत्या. पुढे १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९६६ साली महाराष्ट्राचा परिचारिका कायदा झाला. शिक्षण, परीक्षा, नोंदणी, गणवेश आणि बढतीची वाट, हे सगळं परिचारिकांना मिळालं. सहजासहजी नव्हे, पण मिळालं. म्हणजे हाताने शिकलेल्या कामाचा पेशा होऊ शकतो याचं उदाहरण आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

एकदा उघडलेलं दार

औषध बनवणाऱ्यांकडे सरकारचं लक्ष गेलं ते १९३० साली. बाजारातल्या भेसळीच्या तक्रारींवरून कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. दुसऱ्या वर्षी आलेल्या तिच्या अहवालात औषधांच्या दर्जाबरोबर ती हाताळणाऱ्या माणसांचाही विचार होता. या देशात औषध मिसळून देणाऱ्या माणसाला शिक्षणाची सक्ती नाही, हे समितीने नोंदवलं. त्यातून १९४० साली औषधांचा कायदा आला आणि १९४८ साली फार्मसी कायदा.

फार्मसी कायद्यातलं एक कलम मी नोकरीत असताना कितीतरी वेळा वाचलं असेल, पण वडिलांच्या संदर्भात ते मी फार उशिरा वाचलं. पहिली नोंदवही तयार करताना कोणाचं नाव घालायचं, याचं हे कलम आहे. पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आहेतच. पण ज्याने रुग्णालयात किंवा दवाखान्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधं बनवण्याचं काम किमान पाच वर्षं केलं आहे, तोही त्यात आहे. कायदा लिहिणाऱ्यांना कळत होतं की नवी इमारत बांधायची तर आधीपासून काम करणाऱ्यांना रस्त्यावर टाकून चालणार नाही. त्यांनी अनुभवाला पात्रता मानलं. ज्या कंपाउंडरांनी त्या वेळी अर्ज केला ते फार्मासिस्ट झाले. त्यांनी औषधांची दुकानं काढली, सरकारी दवाखान्यांत पदं मिळवली.

नंतर मात्र वाट शिक्षणाचीच राहिली. आज बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, हा किमान रस्ता आहे. तो योग्यच आहे, त्याच रस्त्याने मी आले. पण १९६४ साली कामाला लागलेल्या माणसासाठी अनुभवाचं ते दार नव्हतं. पाचच काय, बेचाळीस वर्षं काम करूनही नव्हतं.

मग वडील बेकायदा काम करत होते का? याचं उत्तर त्याच कायद्यात सापडतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध बनवणं आणि देणं हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी करू नये असं एक कलम आहे. पण त्याला अपवाद आहे : वैद्यकीय व्यावसायिक स्वतःच्या पेशंटना स्वतः औषध देत असेल तर हे कलम लागू नाही. छोट्या दवाखान्यातलं औषध देणं या अपवादावर उभं आहे. म्हणजे खिडकीतून बाटली पुढे करणारा हात कायद्याच्या नजरेत डॉक्टरांचा होता. वडील तिथे नव्हतेच.

पेला कपाटात गेला

नोंदवहीत नसलेल्या माणसाचं कौशल्य जोवर लागतं तोवर त्याला भाव असतो. ते लागेनासं झालं, आणि याची सुरुवातही पुण्याजवळच झाली असं म्हणता येईल. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागलं. गोळ्या, कॅप्सूल आणि सीलबंद सिरपं स्वस्त आणि मुबलक होत गेली. कारखान्यात बनलेल्या गोळीत दर वेळी तेवढंच औषध असतं. हातच्या मिश्रणाला ही हमी देता येत नाही. हा बदल पेशंटच्या भल्याचा होता, हे मी फार्मासिस्ट म्हणून निःसंकोच म्हणेन.

वडिलांचं काम बदलत गेलं. आधी मिश्रणं कमी झाली आणि इंजेक्शनं वाढली. काचेच्या सिरिंज आणि सुया उकळणं, सुईला धार लावणं हे कंपाउंडरचं काम झालं. मग एकदाच वापरायच्या सिरिंज आल्या आणि उकळणं गेलं. मग गोळ्या मोजून पुड्या बांधणं राहिलं. मग आजूबाजूला औषधांची दुकानं झाली, डॉक्टर चिठ्ठी लिहून देऊ लागले आणि पुड्याही कमी झाल्या. शेवटच्या दहा वर्षांत वडील नंबर लावत, फोन घेत, ड्रेसिंग करत, वीजबिल भरायला जात. पेला कपाटात गेला होता. ‘कंपाउंडर काका’ हे नाव तेवढं राहिलं.

या काळात शहरही बदललं. १९४६चं जहांगीर, १९५९चं रुबी हॉल, २००१चं दीनानाथ मंगेशकर अशी मोठी रुग्णालयं उभी राहिली आणि त्यांच्यात कामाच्या किती तरी नव्या जागा निघाल्या. लॅब, क्ष-किरण, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह. प्रत्येकाला वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळं प्रमाणपत्र. दवाखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला यांतली एकही जागा खुली नव्हती, कारण त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

दहापासून मोजणारे कायदे

दवाखाना बंद झाला त्या दिवशी डॉक्टरांनी वडिलांना शाल, नारळ आणि दोन महिन्यांचा पगार दिला. डॉक्टर वाईट नव्हते. आमच्या घरातल्या कोणाच्याही आजारपणाचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही. माझ्या पदविकेच्या पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली. दिवाळीला आईला साडी यायची. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन यांपैकी मात्र काही नव्हतं. वडिलांनी मागितलंही नाही. आम्हाला जे मिळालं ते सगळं डॉक्टरांच्या चांगुलपणातून मिळालं, आणि चांगुलपणाचा हिशेब मागता येत नाही.

यात डॉक्टरांनी कायदा मोडला होता का, हे मी पुढे तपासलं. भविष्यनिर्वाह निधीचा १९५२चा कायदा वीस माणसांपासून लागू होत असे. ग्रॅच्युइटीचा १९७२चा कायदा दहा माणसांपासून. कामगार विमा योजनाही साधारण दहापासून. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा दवाखान्यांचा उल्लेख करतो, पण तो झाला तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त सूचना देऊन भागत होतं. आमच्या दवाखान्यात डॉक्टर, वडील आणि सकाळी झाडूपोछा करणाऱ्या एक बाई होत्या. कायदे दहापासून मोजायला सुरुवात करतात आणि कंपाउंडर बहुधा एकटा असतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो दवाखान्यात काम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. १९४८च्याच किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्राने जे उद्योग यादीत घातले, त्यात वैद्यकीय व्यावसायिकांचे दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब होत्या. किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाही. एकटा मदतनीस असला तरी ते लागू होतं. २०१९च्या वेतन संहितेनेही किमान वेतन सगळ्या कामगारांसाठी असल्याचं तत्त्व मांडलं आहे. वडिलांना हे कधीच कळलं नाही. कळलं असतं तरी त्यांनी डॉक्टरांकडे विषय काढला नसता. ज्याने मुलीची फी भरली त्याच्याकडे किमान वेतन कसं मागायचं?

आजची ‘सिस्टर’

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला ती चोवीस वर्षांची आहे. बारावी कला. सहा वर्षं एका दवाखान्यात काम करते. पेशंट तिला ‘सिस्टर’ म्हणतात, पण ती परिचारिका नाही. पुण्याच्या कुठल्याही उपनगरात दवाखान्यांच्या पायऱ्या चढून पाहा, कंपाउंडरच्या जागी आता बहुतेक ठिकाणी अशी एखादी ताई दिसेल. पांढरा कोट, हातात मोबाइल, समोर संगणक.

तिला मी म्हटलं, तू दिवसभरात काय काय करतेस ते एका कागदावर लिहून आण. दुसऱ्या दिवशी ती वहीची दोन पानं भरून घेऊन आली. कुलूप उघडणं, नंबर, नोंद, वजन, ताप, रक्तदाब, ऑक्सिजन, नेब्युलायझर, ड्रेसिंग, टाके काढताना मदत, लशींच्या फ्रिजचं तापमान लिहिणं, वापरलेल्या सुया आणि बोळे वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत टाकणं, रिपोर्ट मागवणं, क्यूआरवरचे पैसे आले का बघणं, रडणाऱ्या मुलाला धरणं, घाबरलेल्या नातेवाइकाला बसवणं. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत : ‘कोणाला आधी आत सोडायचं ते ठरवणं.’ छातीत दुखणारा माणूस नंबर मोडून आधी आत गेला पाहिजे, हे ती ओळखते. मोठ्या रुग्णालयात या कामासाठी प्रशिक्षित माणूस बसवलेला असतो.

या यादीतली काही कामं तिने करावीत का, हा प्रश्नही विचारला पाहिजे. इंजेक्शन देणं, औषधाचं माप बदलणं, डॉक्टर नसताना गोळी देणं हे नोंदणी नसलेल्या माणसाचं काम नाही. महाराष्ट्राचा १९६१चा वैद्यक व्यवसायी कायदा नोंदणीशिवाय वैद्यकी करण्याला मनाई करतो. ‘दहा वर्षं कंपाउंडर होता, आता गावात डॉक्टर झाला’ ही फक्त विनोदातली गोष्ट नाही, तिने माणसं दगावली आहेत. पण ती गोष्ट घडते तीही वर जायची सरळ पायरी नसल्यामुळे, असं मला वाटतं. ज्याला फार्मासिस्ट, परिचारक, तंत्रज्ञ यांपैकी काहीच होता येत नाही, तो कधी कधी थेट डॉक्टरच होऊन बसतो.

इतरांनी काय केलं

अमेरिकेत ‘मेडिकल असिस्टंट’ हा मान्य पेशा आहे. काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा अभ्यासक्रम, मग हवी तर प्रमाणपत्राची परीक्षा. आपल्या सिस्टरच्या यादीतली बरीच कामं तिथे या नावाखाली होतात. त्याच्या वरची पायरी ‘फिजिशियन असिस्टंट’ची, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासणी आणि उपचार करणाऱ्या सहायकाची. ही पायरी कशी तयार झाली ते पाहण्यासारखं आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला. त्यात चार विद्यार्थी घेतले. ते नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम करून आलेले होते. जखमी माणसाला सांभाळायचा अनुभव त्यांच्याकडे होता, पण घरी परतल्यावर त्या अनुभवाला कुठे जागा नव्हती. स्टेड यांनी शून्यापासून माणूस घडवायला घेतला नाही. आधीच अर्धा घडलेला माणूस घेतला आणि उरलेलं शिकवलं. १९४८ साली आपण कंपाउंडरांच्या बाबतीत याच समजाने वागलो होतो.

भारतात फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू केला. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्याच्या परिशिष्टात हा पेशा आला. त्याच्यासोबत लॅब, भौतिकोपचार, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह यांतले किती तरी पेशे पहिल्यांदा एका राष्ट्रीय कायद्याच्या छताखाली आले. त्यासाठी शिक्षणाचं मापही ठरलं : सहयोगी व्यवसायाला किमान दोन हजार तास, आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान तीन हजार सहाशे. हा कायदा गरजेचा होता. दवाखान्यातली सिस्टर मात्र या मापांच्या खालीच राहते. तिचे सहा वर्षांचे तास मोजले तर दोन हजार केव्हाच ओलांडले आहेत, पण ते वर्गातले तास नाहीत.

तिला मी काय सांगितलं

कला शाखेच्या बारावीवर फार्मसी मिळणार नाही, लॅबचा अभ्यासक्रम मिळणं कठीण. परिचर्येची दारं मात्र उघडी आहेत : दोन वर्षांचा ए.एन.एम. किंवा तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम. दोन्हीच्या शेवटी नोंदणी आहे, आणि नोंदणी असलेल्या माणसाला शहर बदलता येतं, मालक बदलता येतो. यांना वयाची मर्यादा साधारण पस्तिशीची असते, म्हणून ‘अजून दोन वर्षं काम करून बघते’ असं म्हणू नकोस. दवाखान्यात अनुभव वाढतो तसतशी दारं बंद होत जातात, हे या कामातलं सगळ्यात वाईट गणित आहे. कौशल्य विकास योजनेतला ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चा काही महिन्यांचा अभ्यासक्रम मोठ्या रुग्णालयात पहिली नोकरी मिळवायला उपयोगी आहे, पण तो शेवट समजू नकोस. आणि काहीही ठरवलंस तरी ई-श्रमवर नाव नोंदव, किमान वेतनाचा आजचा दर माहीत करून घे.

‘नोकरी सोडून दोन वर्षं शिकू कशी?’ तिने विचारलं. तिच्या पगारावर घराचं भाडं जातं. माझं उत्तर इथे संपलं.

मला वाटतं, पुढचं उत्तर तिने शोधायचं नाही. १९४८ची युक्ती पुन्हा वापरता येण्यासारखी आहे. ज्याने नोंदणीकृत डॉक्टरांच्या हाताखाली पाच वर्षं काम केलं आहे त्याला संध्याकाळच्या वर्गांतून, मराठीतून, एक पूरक अभ्यासक्रम द्यावा. काय येतं आणि काय येत नाही याची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. उत्तीर्ण झालेल्याचं नाव राज्याच्या परिषदेच्या नोंदवहीत घालावं, त्याने काय करायचं आणि काय करायचं नाही हे स्पष्ट लिहावं, आणि पुढच्या अभ्यासक्रमात त्याचे तास धरावेत. यात पेशंटचंही भलं आहे. आज ड्रेसिंग करणाऱ्या हाताला निर्जंतुकीकरण कितपत कळतं, हे कोणीच तपासत नाही. नोंदवही आली की तपासणी येते. डॉक्टरांचीही सोय आहे, कारण चांगला मदतनीस मिळत नाही ही तक्रार मी त्यांच्याकडूनच सर्वांत जास्त ऐकली आहे.

वडील आता एकोणऐंशीचे आहेत. सकाळच्या गोळ्या ते स्वतःच डबीत लावतात आणि मी मोजून पाहिल्या तर चिडतात. त्या मुलीची दोन पानं मी त्यांना वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. छातीत दुखणाऱ्या माणसाची ओळ आली तेव्हा म्हणाले, ‘बरोबर. हे शिकवून येत नाही. पण विचारलं तर पाहिजे कोणीतरी.’

पानं परत द्यायला गेले तेव्हा तिने जी.एन.एम.चा अर्ज आणून ठेवला होता. सोबत जोडायच्या कागदांची यादी तिने पुन्हा पुन्हा वाचली होती. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, रहिवास. वहीची दोन पानं हातात धरून तिने विचारलं, ‘मॅडम, हे कुठे जोडायचं?’